टायर आधी, बाकीचं सगळं मग

पाऊस तोंडावर आला की इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरायला लागतो. "दादा, एक्सपल्स घेतली, टायर कुठले टाकू आणि गार्ड कुठला बसवू?" एक्सपल्स म्हणजे हिरोची छोटी अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल, डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठी केलेली. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, पण पैसे खर्च करण्याआधी वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. छोट्या अ‍ॅडव्हेंचर गाडीची खरी कमाई म्हणजे तिचं कमी वजन. एक्सपल्स 200 फोर व्हॉल्व्ह 158 किलोची आहे. रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 गेली 199 वर. हा चाळीस किलोचा फरक हायवेवर कळत नाही, पण चिखलात आडवी झालेली गाडी एकट्यानं उभी करायची वेळ आली की बरोबर कळतो. म्हणून जे काही बसवाल त्याला एकच प्रश्न विचारा: यानं गाडी रस्त्याला जास्त धरते का, की नुसतं वजन वाढतं? टायर पहिल्या प्रकारात मोडतो. बाजारातल्या बहुतेक वस्तू दुसऱ्या.

टायरवाले 80-20, 50-50 असे आकडे सांगतात. पहिला आकडा डांबराचा, दुसरा मातीचा. हे आकडे कुठल्या ठरावीक मापानं काढलेले नसतात, बनवणारा आपल्या अंदाजानं सांगतो. त्यापेक्षा आपण कुठं फिरतो हे कागदावर लिहून काढा. पुण्याहून भोरमार्गे वरंधा उतरून कोकणात जाणारा घ्या. शहरातला सिमेंटचा रस्ता, मग डांबर, घाटात उखडलेला पॅच, आणि शेवटी एखाद्या वाडीपर्यंत जाणारा मुरमाचा तुकडा. खरी कच्ची वाट अख्ख्या प्रवासात किती? फारच थोडी. आणि ती थोडी वाट डोक्यात ठेवून आपण मोठ्या बटनांचा, म्हणजे रबराचे उंच सुटे ठोकळे असलेला टायर टाकतो, मग उरलेला सगळा रस्ता त्याच टायरवर काढतो.

बटन टायर फोटोत देखणे दिसतात यात वाद नाही. पण बटनांच्या मधे मोकळी जागा असते, म्हणजे डांबराला टेकणारं रबर तेवढं कमी. ब्रेक दाबला की उंच बटनं वाकतात, वळणावर गाडी किंचित डुलल्यासारखी वाटते. कोरड्या रस्त्यावर हे चालून जातं. पावसाळी ताम्हिणीत किंवा आंबोलीत झाडाखालचं डांबर शेवाळलेलं असतं, वळणावर पांढरा पट्टा असतो, वरून समोरून एसटी येत असते. तिथं आपल्याला वाचवतो तो मऊ रबराचा, जास्त टेकणारा टायर. एक्सपल्स 200 फोर व्हॉल्व्हला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचं चाक लॉक करायचं की नाही हे तुमचा पाय ठरवतो, आणि ओल्या सिमेंटवर बटन टायर असेल तर ते फार लवकर लॉक होतं.

आता मातीचं बघू. कारण "ऑफरोड" म्हणजे एकच काहीतरी असतं असं धरून टायर विकले जातात, आणि आपल्या राज्यात तर तालुका बदलला की माती बदलते.

कोकणात जांभा. वर लाल चिखलाचा पातळ थर आणि खाली कडक दगड. बटनाला रुतायला जागाच नाही, ते वरच्या थरावरून घसरतं. मराठवाड्यात, विदर्भात रेगड माती. ती ओली झाली की टायरला लपेटते, बटनांमधल्या सगळ्या खाचा भरून जातात आणि शंभर-दोनशे फुटांत तुमचा महागडा बटन टायर आणि गुळगुळीत टायर यांत फरक उरत नाही. ज्या गाड्यांचं पुढचं मडगार्ड चाकाला लागून आहे, त्यांचं चाकच जाम होतं. अशा पाणंद रस्त्यावर पावसाच्या दुसऱ्या दिवशी शेतकरीही गाडी घालत नाही, ती डांबरावर लावून चालत जातो. तो शहाणपणा आपणही घ्यावा. बटन टायर खरे कामाला येतात ते ओल्या मुरमात, नदीकाठच्या वाळूत, सैल खडीच्या चढावर, भाताच्या खाचरालगतच्या चिखलवाटेवर. तुमचं फिरणं मुख्यतः असंच असेल तर जरूर टाका, मी अडवणार नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, गाडी घालू नका. कासचं पठार 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथं आता नियम आहेत. पण कोकणात आणि घाटमाथ्यावर असे कितीतरी सडे आहेत जिथं अडवायला कोणी नसतं. कातळावर बोटभर माती असते आणि त्या मातीत वर्षातून काही आठवडेच उगवणारी फुलं असतात. एका गाडीच्या चाकानं तो थर निघाला की पुढच्या पावसात तिथं काही येत नाही. रीलसाठी हे करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

तर मग टाकायचं काय? बहुतेकांना मी सांगतो की गाडीसोबत आलेले टायर आधी झिजवा. ते वाईट नसतात. तोवर आपल्याला काय कमी पडतंय ते कळतं. मग बदलताना मधल्या प्रकारचा घ्या: ठोकळे जवळजवळ, मधोमध जवळपास सलग पट्टा, कडेला मोकळ्या खाचा. पुढचा टायर निवडताना अजिबात तडजोड नको, कारण मागचं चाक घसरलं तर गाडी सावरता येते, पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही.

साइज बदलू नका. हा मोह फार जणांना होतो. एक्सपल्सला पुढे 90/90-21 आणि मागे 120/80-18 येतो. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. मागे 120/90 टाकला तर साइडवॉल 96 मिलिमीटरची 108 होते. सीट थोडी वर जाते आणि चाकाचा घेर साडेतीन टक्क्यांहून जास्त वाढतो. 19 पीएसच्या (म्हणजे साधारण तेवढ्याच अश्वशक्तीच्या) इंजिनाला याचा अर्थ असा की प्रत्येक गिअर थोडा जड होतो, आणि घाटात डबल सीट असताना तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसरा मागते. रुंद टायर टाकला तर अरुंद रिमवर तो मधून फुगतो, वळायला जड होतो, चिखलात चेनला आणि स्विंगआर्मला घासायची शक्यता वेगळीच. कंपनीनं साइज विचार करून दिलेली असते.

दुकानात टायर हातात आला की कडेला चार आकडी तारीख शोधा. 3823 असेल तर 2023 सालचा 38वा आठवडा. एका दुकानात मला चार वर्षांपूर्वीचा टायर "ताजा माल" म्हणून दाखवला होता. रबर पडून पडून कडक होतं, नक्षी कितीही कोरी दिसो. साइजपुढचा आकडाही वाचा. समजा 62पी लिहिलं असेल, तर तो टायर योग्य हवेत 265 किलो भार पेलतो आणि ताशी 150 किलोमीटरपर्यंत चालतो. बायकोला आणि सामान घेऊन गोव्यापर्यंत जाणाऱ्यानं मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर कधीच घेऊ नये. बसवल्यावर टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनं आहे ना ते बघा, आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणात बेतानं चालवा. नव्या टायरची वरची चकाकी निघाल्याशिवाय तो रस्ता धरत नाही.

आता ट्यूब. आऱ्यांच्या चाकात बहुतेक छोट्या गाड्यांना ट्यूब असते, कारण प्रत्येक आऱ्याचं भोक रिममधून आरपार जातं आणि तिथून हवा निसटते. हिमालयन 450 ला ट्यूबलेस आऱ्यांची चाकं मिळतात, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स बिनआऱ्यांच्या, ट्यूबलेस अलॉय चाकांवर आहे. ज्याला नव्वद टक्के हायवेच करायचाय त्यानं गाडी घेतानाच याचा विचार करावा. बाकीच्यांनी ट्यूब बदलायला शिकावं. हे मी दहादा सांगेन, कारण घाटात रविवारी संध्याकाळी पंक्चरवाला मिळत नाही.

शिकायला फार काही लागत नाही. मागचं चाक काढलं की टायरची कड रिमवरून सुटी करायची. मग टायर उचकटायचा लिव्हर जिथं घालणार त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला गुडघा टेकवून कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची. सगळं कसब इथंच आहे. तिकडे कड खोलात गेली की इकडे सैल होते आणि लिव्हर हातानं फिरतो. ती खोलात नसेल तर कितीही जोर लावा, लिव्हर ट्यूबलाच चिमटा काढतो. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा. बाभळीचा काटा बाहेरून तुटलेला असतो आणि आत टोक राहतं. फडकं तिथं अडकतं. ते न काढता नवी ट्यूब घातलीत तर पुढच्या गावापर्यंत पुन्हा तेच. व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळू नका, वर टोपणाला भिडवून ठेवा. कमी हवेत टायर सरकला की ट्यूबही सरकते, आणि नट आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळातून फाटतो. मग त्या ट्यूबला पॅच बसत नाही.

हवेबद्दल थोडक्यात. सकाळी, थंड टायरमध्ये, मॅन्युअलमधला आकडा. हवा मोजायचा स्वतःचा गेज ठेवा. कच्च्या वाटेला थोडी कमी करा, पण ट्यूब असताना फार नाही, नाहीतर दगडावर आपटून रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन छेद पडतात. डांबराला लागलात की परत भरा. छोटा पंप सोबत असेल तरच हा खेळ करा.

आता अ‍ॅक्सेसरीज. सगळ्यात आधी हँडगार्ड, तेही दोन्ही टोकांना पकडलेल्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीचे. गाडी पडली की पहिला हँडलवरचा ब्रेकचा किंवा क्लचचा लिव्हर तुटतो, आणि क्लच लिव्हर तुटलेली गाडी डोंगरातून आणणं म्हणजे छळ आहे. नुसते प्लॅस्टिकचे गार्ड वारा अडवतात, लिव्हर वाचवत नाहीत. दुसरी वस्तू साइडस्टँडखालची रुंद पट्टी. स्वस्त, हलकी, आणि पावसाळ्यात गाडी लाल मातीत कलंडत नाही. तिसरी, मापाचा क्रॅश गार्ड. चार दिवे लटकवायला केलेला मोठा पिंजरा नको.

मागे दोन्ही बाजूंना लावायच्या सामानाच्या पेट्या हा वादाचा विषय आहे, मला ठाऊक आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या आणि त्यांची फ्रेम मिळून वजन सहज पंधरा किलोच्या पुढं जातं, तेही मागच्या बाजूला, म्हणजे पुढचं चाक नेमकं चढावर हलकं होतं. शिवाय चिखलात पाय टेकत जाताना पेटी पोटरीवर येते. पाय मुरगळलेले, मोडलेले मी पाहिलेत. कापडी बॅगा घ्या, आत प्लॅस्टिकची जाड पिशवी, जड सामान खाली आणि पुढे.

जादा दिव्यांचं गणित साधं आहे. 40 वॅटचे दोन म्हणजे 80 वॅट, 12 व्होल्टवर जवळजवळ 7 अँपिअर. छोट्या गाडीच्या चार्जिंगवर हा मोठा भार आहे. लावायचेच तर रिले (दिव्यांचा भार बटणावर न येऊ देणारा स्विच) आणि फ्यूज हवेच, वायर पिळून टेप गुंडाळलेली चालणार नाही. आणि खाली वळवून लावा. घाटात समोरच्याला आंधळं करून आपण सुरक्षित होत नाही. मोबाइल होल्डर घेताना कंपन शोषणारा घ्या. मोटरसायकलच्या कंपनानं आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं अ‍ॅपलनंच 2021 मध्ये सांगितलंय.

सायलेन्सर, स्टिकर, रंगीत नट यांवर मी बोलत नाही. तेवढ्या पैशात घोटा झाकणारे बूट आणि बरे ग्लोव्हज येतात, ते आधी घ्या.

कमेंटमध्ये विचारताना "बेस्ट टायर कोणता" एवढंच लिहू नका. गाडी कुठली, तुमचं आणि मागे बसणाऱ्याचं मिळून वजन किती, कुठल्या तालुक्यात फिरता आणि पावसात फिरता का, हे चार लिहा. मग नाव घेऊन सांगता येईल.