कलम ३०२, पान १८७

गेल्या मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, वसई स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात, आधार कार्डे, शिधापत्रिका आणि उत्पन्नाचे दाखले हातात धरून ताटकळलेल्या नऊ माणसांसमक्ष, माझ्या अद्याप प्रकाशित न झालेल्या कादंबरीतील खुनी जाहीर करण्यात आला. जाहीर करणाऱ्या गृहस्थांनी तोवर कादंबरीची बासष्टच पाने वाचली होती. कादंबरी ३१२ पानांची आहे आणि ती लिहायला मला चार वर्षे लागली आहेत.

दुकानात जाण्याचे कारण एवढेच की प्रकाशकांना दोन छापील प्रती हव्या होत्या. ई-मेलने पाठवलेले त्यांचे संपादक वाचत नाहीत. छापून पाठवलेले वाचतात, याचाही पुरावा माझ्याकडे नाही. एकूण ६२४ पाने, पानाला दीड रुपया. दुकान चालवणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी, त्यामुळे त्याने "टीचर, तुम्ही बसा" म्हणून दुकानातले एकुलते एक स्टूल पुढे केले आणि मी बसले. स्टूल आतल्या बाजूला होते आणि प्रिंटरचे तोंड गिऱ्हाइकांच्या बाजूला होते, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईच्या तर नक्कीच यायला हवी होती.

मी ख्रिस्ती प्रेम-रहस्यकथा लिहिते. हे वाक्य ऐकणारा माणूस त्यातला कोणता तरी एकच शब्द ऐकतो, असा माझा अनुभव आहे. माझी पहिली कादंबरी आमच्या भागातील एका वाचनालयाने 'धार्मिक' असे लिहिलेल्या कपाटात ठेवली. तीन वर्षांत ती एकाच गृहस्थांनी घरी नेली, दुसऱ्या दिवशी परत आणली आणि सूचनांच्या वहीत लिहिले, "सदर पुस्तकात खून आहे." शिकागोजवळ राहणारी माझी मामेबहीण सांगते की तिकडच्या दुकानांत या प्रकाराला स्वतंत्र कपाट असते, हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेची 'लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स' ही एक अख्खी मालिकाच आहे, तिच्यातली कादंबरी साधारण ५५,००० शब्दांची असावी लागते, पात्रांनी शिव्या द्यायच्या नसतात आणि नायक-नायिकेने लग्नाआधी पायरी सोडायची नसते. नियम आमच्याकडेही हेच आहेत. कपाट तेवढे नाही.

या नियमांविषयी दोन शब्द बोलल्यावाचून मला पुढे जाववत नाही. माझ्या मागच्या कादंबरीत तीन खून होते. एक विषाने, एक दोरीने आणि एक विहिरीचा कठडा ढासळवून. छापण्यापूर्वी ती मी एका धर्मगुरूंना वाचायला दिली. त्यांनी अत्यंत काळजीपूर्वक वाचली, हे मी कबूल करते. तिन्ही खुनांवर पेन्सिलीची रेघसुद्धा नव्हती. लाल खूण एकाच वाक्यावर होती: "ग्रेगरीने तिच्या कपाळावर ओठ टेकवले." त्याऐवजी "ग्रेगरीने तिच्यासाठी मनोमन प्रार्थना केली" असे त्यांनी सुचवले आणि मी, शिस्तीत वाढलेली बाई, तसे केले. पुस्तक निघाल्यावर नालासोपाऱ्याहून एका वाचक बाईंचा फोन आला. "ती वाचली ना हो शेवटी?" त्यांनी व्याकूळ होऊन विचारले. नायिकेला काहीही झालेले नव्हते; ती आणि ग्रेगरी समुद्रावर फिरायला गेली होती.

ज्या ग्रंथाच्या नावाने हे सगळे चालते त्यात राजा दावीद दुसऱ्याच्या बायकोला बोलावून घेतो, आणि मग तिच्या नवऱ्याच्या, उरियाच्याच हाती, त्याला लढाईत पुढे उभे करून मरू द्यावे असे सेनापतीला लिहिलेले पत्र पाठवतो. स्वतःच्या मृत्यूचे पत्र स्वतःच पोहोचवणारा माणूस! त्याच्या तोडीची एक कल्पना मला सुचली असती तर मी लेखणी खाली ठेवून आयुष्यभर केळीची बाग शिंपली असती. त्याच ग्रंथात गीतरत्न नावाचे पुस्तक आहे आणि त्याच्या अगदी सुरुवातीलाच प्रेयसी चुंबन मागते. त्यावर कोणी लाल पेन्सिल चालवल्याचे ऐकिवात नाही. असो.

तर ते गृहस्थ. ते निवृत्त हवालदार होते आणि हयातीच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदांच्या प्रती काढायला आले होते. नोव्हेंबर महिना आम्हां ख्रिस्ती लोकांचा मृतांसाठी प्रार्थना करण्याचा, आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचा आपण मृत नसल्याचे कळवण्याचा. पांढऱ्या मिशा, काखेत प्लॅस्टिकची पिशवी, आणि समोर दिसेल तो कागद वाचण्याची नोकरीतली जुनी सवय. त्यांनी प्रिंटरमधून पडलेले पहिले पान उचलले, मग दुसरे, मग चष्मा बदलला.

"टीचर, हे तुम्ही लिहिलंत?"

मी हो म्हटले. मला वाटले, आता स्तुती होईल. लेखक माणूस असाच फसतो.

"प्रेत बावखलात सापडलं पहाटे पाचला, आणि सहाला तुमच्या इन्स्पेक्टरनं खुनाचा गुन्हा दाखल केला. असं होत नाही. पाण्यातलं प्रेत म्हणजे आधी अकस्मात मृत्यूची नोंद. बुडाला, का बुडवला, ते डॉक्टर सांगणार."

वाचकाला पहिल्याच प्रकरणात खून हवा असतो, असे मी नम्रपणे सांगितले.

"हवा तर पोलिसांनाही असतो. पण कागद लागतो."

बावखल म्हणजे आमच्या वसईच्या वाड्यांमधले गोड्या पाण्याचे जुने तळे. एकामागून एक बावखले माती टाकून बुजवली जात असल्यामुळे हल्ली मला प्रेत टाकायला जागाच उरलेली नाही, आणि हे जे एक बावखल मी मोठ्या मायेने शोधून काढले होते, त्याबद्दल हवालदारसाहेबांनी चकार शब्द काढला नाही. ते पंचनाम्यावर गेले. पंचनाम्याला पंच दोन हवेत, माझ्याकडे एक होता आणि तोही मयताचा सख्खा भाऊ निघाला. मग ते नायिकेच्या अटकेवर आले. माझ्या नायिकेला, एलिझाला, पोलीस मध्यरात्री चर्चच्या पायऱ्यांवरून पकडून नेतात; बाहेर पाऊस, आत मेणबत्ती, असे ते प्रकरण मी सात वेळा लिहिले आहे.

"सूर्यास्तानंतर बाईमाणसाला अटक?" हवालदारसाहेबांनी पान रांगेकडे वळवून धरले, जणू तेथे पंचच उभे होते. "खास कारण पाहिजे, महिला अधिकारी पाहिजे, मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी पाहिजे. तुमच्या इन्स्पेक्टरची खातेनिहाय चौकशी लागेल, टीचर. पेन्शन जाईल त्याची."

रांगेतल्या एका बाईंनी हळहळून "अरेरे" म्हटले. ती हळहळ एलिझासाठी नव्हती, इन्स्पेक्टरच्या पेन्शनसाठी होती.

"आणि हे नाव बदला. 'कलम ३०२'! ३०२ आता कुठं राहिलं? १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली. खून म्हणजे कलम १०३."

मी ही कादंबरी सुरू केली तेव्हा ३०२ म्हणजे खूनच होता. माझे दुसरे प्रकरण पूर्ण होईपर्यंत देशाने एकशे साठहून अधिक वर्षांचा कायदा बदलला, याला मी काय करणार? आणि १०३ हा आकडा मुखपृष्ठावर घातला तर वाचकाला ती एखाद्या बसची गोष्ट वाटेल.

इथपर्यंत मी सहन केले. पण मग हवालदारसाहेबांनी उलटून पहिले पान काढले, त्यावरचे माझे नाव आणि आडनाव मोठ्याने वाचले, आणि अत्यंत प्रेमाने म्हणाले, "पण एक सांगतो हां टीचर, तुम्ही ख्रिश्चन असून मराठी किती शुद्ध लिहिता!"

हे मी ऐकते आहे ते वयाच्या विसाव्या वर्षापासून. आमच्या घरी वाडवळी, म्हणजे वसईकडची मराठी बोली, बोलतात, शाळेत मी बत्तीस वर्षे मराठी शिकवले, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या शेकडो मुलांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका माझ्या डोळ्यांत अजून खुपतात. तरीही दर दोन महिन्यांनी कोणी तरी माझ्या मराठीचे असे कौतुक करतो, जसे सर्कशीत सायकल चालवणाऱ्या अस्वलाचे करावे. त्या दिवशी मात्र मी स्टुलावरून उठले आणि बोलू लागले. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांनी ख्रिस्तपुराणाच्या सुमारे अकरा हजार ओव्या मराठीत रचल्या आणि ते पुराण १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' १८५७ सालची आणि ती लिहिणारे बाबा पदमनजी ख्रिस्ती होते, तेव्हा मराठी कादंबरीत आम्ही पाहुणे नसून...

नेमका त्याच क्षणी प्रिंटरमध्ये कागद अडकला. मुलाने झाकण उघडले, वरून पंख्याचा वारा आला, आणि छापलेली पाने दुकानभर उडाली. मराठी कादंबरीच्या इतिहासात कोणालाच रस नव्हता, पण पाने गोळा करायला सगळी रांग वाकली. ही माणसे चांगली असतात, यात शंका नाही. वाकता वाकता ती पाने वाचतही होती.

"म्हणजे मारलं कोणी?" उत्पन्नाचा दाखला हातात असलेल्या तरुणाने विचारले.

हवालदारसाहेब सावकाश सरळ उभे राहिले. "ऑर्गन वाजवणारा," ते म्हणाले.

दुकानात शांतता पसरली. मी काही बोलले नाही, पण माझ्या चेहऱ्याने कबुलीजबाब दिला असावा, कारण पेन्शनवर हळहळणाऱ्या त्या बाई लगेच म्हणाल्या, "मला वाटलंच!" त्यांनी एक ओळही वाचली नव्हती.

"कसं ओळखलंत?" मी विचारले. माझा आवाज मला परका वाटला.

"तुमच्या पुस्तकात सगळीच माणसं चांगली, टीचर. दारू नाही, शिवी नाही, भांडण नाही. पण बाकीचे निदान एकदा तरी चिडतात. हा ऑर्गनवाला साठ पानांत एकदाही चिडत नाही. सगळ्यांना आधी तुम्ही घ्या, आधी तुम्ही घ्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका सज्जन माणूस मी एकदाच पाहिला. त्याला जन्मठेप झाली." मग त्यांनी पान ५८ वर बोट ठेवले. "आणि हे बघा. मिस्सेच्या वेळी फादर सगळ्या गायनमंडळाकडे बघतात, ऑर्गनकडे तेवढे बघत नाहीत. म्हणजे त्यानं फादरजवळ कबूल केलंय."

वाचकहो, पान ५८ वरचे ते वाक्य हा माझ्या कादंबरीचा प्राण होता. पापनिवेदनात ऐकलेले गुपित धर्मगुरूला मरेपर्यंत फोडता येत नाही, फोडले तर चर्च त्याला बहिष्कृत करते. दुसरीकडे आपला पुरावा कायदा वकिलाला अशिलाचे गुपित राखू देतो, पण धर्मगुरूला तशी सवलत देत नाही. या दोन कायद्यांच्या मध्ये अडकलेल्या फादरच्या एका चुकवलेल्या नजरेवर मी अडीचशे पानांचा डोलारा उभा केला होता. ते वाक्य कोणाच्या लक्षात येणार नाही, अशी मला भीती वाटत होती. घरच्यांपैकी तिघांनी वाचूनही ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. ज्या एका माणसाच्या लक्षात आले, त्याने ते शिधापत्रिकांच्या रांगेला सांगितले.

आणि दोष तरी कोणाला देऊ? रहस्यकथेत संशयित ओळखू यायचा तो त्याच्या दुर्गुणांवरून, आणि माझ्या पात्रांचे दुर्गुण आधीच लाल पेन्सिलीने काढून घेतलेले असतात. जुगारी काका मला चालत नाही, बाहेरख्याली शेठ चालत नाही, ताडी पिऊन बरळणारा शेजारीसुद्धा 'एकदा व्यसनमुक्त झालेला' असावा लागतो. अशा निर्मळ गावात खुनी लपवायचा तर कोठे लपवायचा? त्याला बिचाऱ्याला इतरांहून जास्त निर्मळ व्हावे लागते आणि तेथेच तो पकडला जातो.

घरी येऊन मी न्याय संहिता उघडून पाहिली, नवे ३०२ कोणते ते बघायला. कोणाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे, असा तो गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत. तेव्हा 'कलम ३०२' हे शीर्षक घेऊन माझी कादंबरी पुन्हा 'धार्मिक' कपाटातच जाईल, हे आता नक्की झाले आहे. दुसरे नाव सुचेपर्यंत हस्तलिखित पलंगाखाली ठेवावे, असा माझा विचार होता. पाने लावताना कळले की एका प्रतीत पान १८७ नाही.

पान १८७ वर ग्रेगरी एलिझाचे चुंबन घेतो. हो, हाच तो ग्रेगरी. मागच्या पुस्तकात त्याच्यावर झालेला अन्याय मला या पुस्तकात भरून काढायचा होता, म्हणून नायक मी तोच ठेवला आणि ते प्रकरण यंदा कोणालाही आधी वाचायला दिले नाही. चुंबन एका वाक्याचे आहे. दुकानातल्या मुलाने सगळे कोपरे शोधले, ते पान सापडले नाही.

ते शुक्रवारी परत आले. उडालेल्या कागदांबरोबर ते हवालदारसाहेबांच्या पिशवीत गेले होते, तेथून निवृत्तिवेतनाच्या कागदांना टाचले जाऊन बँकेत पोहोचले होते, आणि बँकेने ते मुकाट्याने स्वीकारले होते. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, ग्रेगरी आणि एलिझा यांच्या किंचित डावीकडे, गोल शिक्का आहे, तारीख आहे आणि कोणाची तरी आद्याक्षरी सही आहे. समासात हवालदारसाहेबांच्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने लिहिले आहे, "या पानावर कायद्याची चूक आढळली नाही."

नवे पान काढायला दीड रुपया लागला असता. मी तेच पान जागेवर लावले आणि पार्सल प्रकाशकांकडे रवाना केले.