सिंकखालची ट्रॉली फुगली की डिपॉझिट बुडालं

नागपुरात घर सोडताना किरायेदाराचं डिपॉझिट हमखास अडकतं ते स्वयंपाकघरात. रंगाचे पैसे कापले जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं, त्यावर कोणी फारसं भांडत नाही. ट्रॉलीचा विषय निघाला की मात्र आवाज चढतात. घरमालक म्हणतो, "चांगल्या ट्रॉल्यांची वाट लावली." किरायेदार म्हणतो, "आम्ही आलो तेव्हाच तशा होत्या." पुरावा दोघांकडेही नसतो आणि पैसे एकाच्याच खिशात असतात. मग निकाल कोणाच्या बाजूनं लागणार, ते सांगायला नको.

मी स्वतः घरमालक आहे. प्रताप नगरात आमचा वरचा मजला बरीच वर्षं किरायानं दिलेला आहे, तेव्हा मला कोणी किरायेदारांचा वकील समजू नये. तरी माझं मत असं आहे की सिंकखालच्या फुगलेल्या ट्रॉलीचं बिल बहुतेक वेळा घरमालकानंच भरायला पाहिजे. ते नुकसान त्यानं किचन करून घेतानाच ऑर्डर केलेलं असतं.

किरायाच्या घरात जे "मॉड्युलर किचन" बसवतात ते बरेचदा पार्टिकल बोर्डचं असतं. लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी, वरून चकचकीत लॅमिनेट, कडेला चिकटवलेली बारीक पट्टी. ती पट्टी आहे तोवर थाट. तिचं एक टोक सुटून आत पाणी शिरलं की फळी फुगते आणि वाळल्यावरही परत जाग्यावर येत नाही. बिजागरीचा स्क्रू जिथे रुतलेला असतो तिथे भुसा होतो आणि शटर लोंबकळायला लागतं. प्लायवुड घेतलं तरी एमआर ग्रेडचा साधा कमर्शियल प्लाय ओल सोसतो, साचलेलं पाणी नाही. पाण्याच्या जागेसाठी आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय असतो, तो महाग पडतो. फर्निचरवाला हे सगळं सांगतो हो. पण मालक म्हणतो, "किरायानंच तर द्यायचं आहे, मरीन कशाला?" हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता हसूही येत नाही.

त्यात आपली हवा. मे महिन्यात 45 च्या वर पारा, दिवसभर कूलरची ओल घरभर, आणि ती संपत नाही तोच पावसाळा. आमच्या आईच्या ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे होते. दिसायला ओबडधोबड, पण पाणी सांडलं तर पुसलं की झालं. कडप्प्यावरून कोणाचं डिपॉझिट कापल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच भागातल्या एका घरमालकानं मला पंच म्हणून बोलावलं. किरायेदार म्हणजे विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात नोकरी करणारं तरुण जोडपं, अकरा महिने राहून निघालेलं. किराया 14,000, डिपॉझिट दोन महिन्यांचं. मालकाच्या हातात फर्निचरवाल्याचं कोटेशन होतं, सिंकखालचं कपाट आणि शेजारच्या दोन ट्रॉल्या नव्या करायचे 22,000. "काका, आम्ही तिथे फक्त डस्टबिन ठेवत होतो," ती मुलगी सांगत होती. मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "पाहा ना भाऊ, कसं करून ठेवलं. आणि आता हात वर करून राहिले."

मी मोबाईलचा टॉर्च लावून आत डोकं घातलं. खालची फळी पाण्यात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगली होती, बोटानं दाबलं तर चुरा हाताला आला. पण मला बघायचा होता तो पाइप. सिंकच्या जाळीखालच्या जोडावर क्षारांचा पांढरा थर चढलेला, चांगला नखानं खरवडावा लागेल इतका जाड. त्यांच्याकडे बोअरचं पाणी येतं, तरीही एवढा थर अकरा महिन्यांत साचत नाही. तो जोड त्याच्याही आधीपासून थेंब थेंब गळत होता. त्यावर जुन्या टेपचे दोन वेढेही होते. म्हणजे आधीच्या कोणीतरी गळती पाहिली, टेप गुंडाळली आणि विषय संपवला.

मी मालकांना दोनच गोष्टी विचारल्या. ट्रॉल्या कधी केल्या? सात वर्षांपूर्वी. सगळ्या किचनला किती लागले? साधारण 70,000. आता अशा कामाचं आयुष्य दहा वर्षं धरा (पार्टिकल बोर्डला मी एवढं देतो म्हणजे उदारच झालो), तर सात वर्षांनंतर आख्ख्या किचनची किंमत उरते 21,000. एका कोपऱ्याचे 22,000 कसे मागता? सात वर्षं जुन्या मोटारसायकलला कोणी धक्का दिला तर आपण शोरूममधली नवी गाडी मागतो का? त्यांनी उत्तर दिलं नाही, पण चहा मात्र मागवला.

शेवटी 6,000 कापले गेले. माझ्या मते तेही जास्तच. पण खाली सामान भरलेला टेम्पो उभा होता, ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी हॉर्न देत होता आणि गेटवरचा वॉचमन मालकाच्या होकाराशिवाय गाडी सोडायला तयार नव्हता. अशा वेळी माणूस काहीही कबूल करतो. किरायेदार सगळ्यात जास्त अडलेला असतो, नेमका त्याच क्षणी हिशोब काढायचा ही पद्धतच मला खटकते.

कायदा काय म्हणतो? मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा. त्याच्या कलम 108 प्रमाणे भाडेपट्ट्यानं राहणाऱ्यानं जागा जशी घेतली तशीच परत करायची, पण वाजवी झीज वगळून. आपले बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे नुसती राहायची परवानगी देणारे, ते भाडेपट्टे नव्हेत, पण झीज वगळण्याची हीच ओळ त्यांतही छापलेली असते. वाचत मात्र कोणी नाही. केंद्रानं 2021 साली आदर्श भाडे कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या किरायाइतकं डिपॉझिट ठरवलं आहे. पण राज्यानं स्वीकारला तरच तो लागू होतो. आपल्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात अशी मर्यादा नाही. त्या आदर्श कायद्यात किचनमधल्या फिटिंगची दुरुस्ती आणि कपाटांच्या मुठी-कुलुपं बदलणं किरायेदाराकडे टाकलं आहे, हे मालक लोक मोठ्या उत्साहानं सांगतात. बरोबर आहे. मूठ तुटली तर त्यानं बदलावी, नळाचा वायसर गेला तर त्यानं टाकावा. पण दुरुस्ती वेगळी आणि जुन्याच्या जागी कोरं किचन करून घेणं वेगळं.

आता किरायेदारांचंही बोलतो, नाहीतर मला एकतर्फी म्हणाल. ओल्या फडक्यांच्या दांड्या शटरला अडकवायच्या, कुकरची वाफ वरच्या कपाटावर वर्षभर सोडायची, वॉटर प्युरिफायर काढून नेताना टाइलला चार भोकं ठेवून जायची, चिमणीची जाळी एकदाही धुवायची नाही. आमच्याकडे एका कुटुंबानं सावजी मसाल्याची अशी फोडणी घातली आहे की शेगडीवरचं पांढरं लॅमिनेट आता कायमचं केशरी आहे. (रस्सा फर्मास असायचा, आम्हालाही वाटी यायची, म्हणून तेव्हा काही बोललो नाही.) याचे पैसे कापले तर तक्रार करायचं कारण नाही. आणि गळती दिसल्या दिवशीच मालकाला फोटो पाठवला नाही, तर पुढच्या नुकसानीत किरायेदाराचाही वाटा आहे.

डिपॉझिट परत मिळणार नाही या भीतीनं हल्ली लोक शेवटच्या दोन महिन्यांचा किरायाच देत नाहीत. "डिपॉझिटमधून वळता करा" म्हणतात. मालक चिडतात, पण ही सवय आपणच लावली. पंधरा-वीस हजारांसाठी कोणी दिवाणी कोर्टाची पायरी चढत नाही, वकिलाची फीच त्याहून जास्त होईल. मग ज्याच्या हातात जे आहे ते तो धरून ठेवतो.

मालकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा आहे म्हणून सूट नाही. नोंदणी नसेल तर अटींबद्दल किरायेदार जे म्हणेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोंदणी आता ऑनलाइन होते, अंगठा घ्यायला माणूस घरी येतो. तरी हजार-दोन हजार वाचवायला साध्या स्टॅम्प पेपरवर सह्या घेणारे मालक आजही भरपूर आहेत आणि तेच नंतर "कायद्यानं जाऊ" म्हणतात.

आमच्या वरच्या मजल्यावर आता सिंकखाली कपाटच नाही. स्टीलचा जाळीचा रॅक आहे आणि समोर पडदा. दिसायला काही खास नाही. बाकी ट्रॉल्या कोणत्या साली, किती रुपयांत केल्या ते करारातच लिहितो, चावी देताना दोघांनी मिळून व्हिडिओ काढतो, सिंक भरून एकदम सोडतो आणि खाली टॉर्च मारतो. निघायच्या आठ दिवस आधी पुन्हा तेच, टेम्पो दारात यायच्या कितीतरी आधी.

किरायेदार कसे नालायक असतात हे सांगायला कमेंटमध्ये मंडळी येतीलच. जरूर यावं. फक्त आधी आपल्या सिंकखालची फळी कशाची आहे आणि कोणत्या सालची आहे, तेवढं लिहा.