रेस अडकली तरी दोष ड्रायव्हरचाच, हे कुठवर चालणार?

जुनी पिकअप कुठंतरी दुभाजकावर चढली नाहीतर टपरीत घुसली की दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ ठरलेली, चालकाचा ताबा सुटल्याने. झालं, मिटलं. पाय काढल्यावर रेस (अ‍ॅक्सिलरेटर) खाली आली होती का, बॉनेट उघडून कुणी बघितलं का, हे विचारायला कुणाला वेळ नाही. ड्रायव्हर बिचारा सांगतोय की गाडी आपोआप पळाली, तर समोरचा आधी त्याच्या तोंडाला वास येतोय का बघतो. डोकं फिरतं राव माझं.

माझ्याच गाडीचं सांगतो. जुनी डिझेल पिकअप, वायरवाली, म्हणजे रेसच्या पायडलपासून इंजिनला डिझेल देणाऱ्या पंपापर्यंत तारेची वायर जाते तसली. बेळगावजवळच्या कडोलीकडचा कोबी-बटाटा भरून कोल्हापूरला चाललो होतो. संकेश्वर सोडलं, पुढं उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायला रेस दिली, ट्रॉली मागं पडली, पाय काढला आणि गाडी तशीच पळतेय. पाय वर आणि पायडल खालीच. मागं फुल लोड, पुढं तवंदी घाट, हे डोक्यात येऊन अंगाला घाम सुटला. क्लच दाबला, न्यूट्रल केली, तर इंजिन असं किंचाळायला लागलं की शेजारी बसलेला पोरगा दाराच्या कडीला हात घालायला लागला, त्याच्यावर ओरडलो, गप बस म्हणून, ब्रेक एकदाच दाबून तसाच धरून ठेवला, गाडी कडेला थांबली तेव्हा किल्ली बंद केली.

बॉनेट उघडून बघतोय तर वायरीतल्या काही तारा तुटून ब्रशसारख्या पिंजारलेल्या, त्या कव्हरच्या तोंडात जाऊन अडकलेल्या. आणि पंपाच्या लिव्हरला मागं ओढणारी जी स्प्रिंग असते ती नव्हतीच! तिच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गाठ मारून बांधलेला, डिझेल लागून लागून चिकट झालेला, बोटानं ओढला तर तसाच लांब राहिला, मागं यायचं नाव नाही. पंपाचं काम ज्याच्याकडं केलं होतं त्या मिस्त्रीला तिथूनच फोन लावला, तर म्हणतोय, "अण्णा, स्प्रिंग मिळाली नाही ओ त्या दिवशी, तात्पुरतं बांधलंय, सांगायचं राहिलं." सांगायचं राहिलं! पंपाचं बिल सांगायचं नाही राहिलं, लेबर सांगायचं नाही राहिलं, खरं ज्याच्यावर दोन माणसांचा जीव आहे तेवढंच सांगायचं राहिलं.

आणि त्या ट्यूबसकट गाडी फिटनेसला पास झालेली. कमर्शियल गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करायला लागतोय, म्हणजे दरवर्षी पैसे, दरवर्षी एक दिवस वाया, एजंटचे वेगळे. इंडिकेटर बघितले, रेडियमची पट्टी बघितली, हॉर्न वाजवून बघितला, मागचा नंबर नीट दिसतोय का बघितलं. माझ्या गाडीला पायडल दाबून सोडून ते वर येतंय का हे कुणी बघितलं नाही. एक मिनिटाचं काम आहे हो. कोगनोळीजवळ कर्नाटक-महाराष्ट्राच्या हद्दीवर अडवतात तिथंपण तेच, कागद दाखव, परमिट दाखव, लोड किती. इकडचे असोत नाहीतर तिकडचे, बॉनेटला हात कुणी लावत नाही.

भावकीतल्या एकाचं तर याच्यापेक्षा वाईट झालं. त्याची रेस अडकली, त्यानं घाबरून गियर तसाच ठेवून ब्रेकवर जोर दिला, गाडी काही थांबेना, शेवटी नाल्यात. माणूस वाचला. इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला, ब्रेकचे लायनर जळालेले बघितले आणि सांगून मोकळा झाला की ब्रेक तापवून ठेवलेत, ड्रायव्हिंगच चुकीचं. अरे लायनर जळणारच की! भरलेली गाडी, इंजिन पूर्ण ताकदीनं पुढं ओढतंय आणि ब्रेक मागं धरतोय, ड्रम तापून ब्रेक ढिला पडणारच. आधी रेस अडकली, मग ब्रेक गेला. नुसतं शेवटचं बघून निकाल द्यायचा असेल तर सर्व्हेअर लागतोय कशाला?

वर शहाणपण शिकवणारे, चुकून ब्रेकच्या ऐवजी रेसवर पाय पडला असेल म्हणे. पडतो, काही जणांचा पडतो, मी नाही म्हणत नाही. अमेरिकेत ऑडी ५००० गाडीचा असाच गाजावाजा झाला होता, तिथल्या वाहन सुरक्षा खात्यानं १९८९ मध्ये चौकशी करून बहुतेक केसमध्ये पायडल चुकल्याचंच सांगितलं. खरं त्या गाड्या ऑटोमॅटिक, क्लच नसलेल्या. आणि त्याच अमेरिकेत २००९-१० ला टोयोटाच्या लाखो गाड्या परत बोलवल्या, त्यात टॅकोमा आणि टुंड्रा ह्या पिकअपपण होत्या, का तर खालची मॅट पायडलला अडकत होती आणि काही मॉडेलचं पायडलच दाबलं की वर यायला कुचराई करत होतं. लोक म्हणत होते इलेक्ट्रॉनिकमध्ये गडबड आहे, तर नासाच्या इंजिनिअरांना बसवून तपासलं, २०११ ला रिपोर्ट आला, त्यांना इलेक्ट्रॉनिकचा दोष सापडला नाही, मॅट आणि अडकणारं पायडल हीच कारणं पक्की झाली. ह्या गोष्टी लोकांपासून लपवल्या म्हणून २०१४ मध्ये टोयोटानं तिथल्या सरकारला १२० कोटी डॉलर भरले. म्हणजे एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनिअर, आणि शेवटी गाडी पळत होती कशानं, तर मॅट आणि पायडलनं. मग आमच्या जुन्या गाडीत गंजलेली वायर आणि गायब स्प्रिंग असताना तुम्ही माझ्या पायाकडं बोट दाखवता?

आपल्याकडं रिकॉलचा, म्हणजे दोष असलेल्या गाड्या कंपनीनं परत बोलवायचा नियम आला १ एप्रिल २०२१ पासून, त्यात अट काय, गाडी ७ वर्षांपेक्षा कमी जुनी पाहिजे. म्हणजे जिची वायर झिजलेली, स्प्रिंग थकलेली, ती गाडी नियमाच्या बाहेर. नव्या गाडीत ब्रेक दाबला की रेस आपोआप कट होईल अशी सोय करता येते, आमच्या वायरवाल्या गाडीत ते पण नाही. मग आम्हाला उरतं काय, तर मिस्त्रीचा भरवसा आणि फिटनेसचा कागद, आणि दोघांचं काय झालं ते वर सांगितलंच.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? ह्याच गाड्यांच्या हौद्यात आपल्या खानापूर, चिकोडी, हुक्केरी भागातल्या बायका भांगलणीला, ऊस लागणीला जातात, यल्लम्माला सौंदत्तीला सगळं घर त्याच हौद्यात बसून जातंय. मालाच्या गाडीत माणसं भरायची नाहीत हा कायदा आहे आणि तो बरोबर आहे, खरं सकाळी शेतावर पोचायला एसटी नाही म्हटल्यावर त्या बायका जाणार कशा? त्यातल्या एकीला तरी माहीत असेल का, की पुढं बॉनेटखाली स्प्रिंगच्या जागी ट्यूब बांधलीय?

मालकांनो, आज गाडी लावताना बॉनेट उघडा. इंजिन बंद ठेवून कुणालातरी पायडल दाबून सोडायला सांगा आणि पंपाचा लिव्हर झटकन मागं येतोय का ते डोळ्यानं बघा. हळूहळू आला तर वायर बदला, चार-पाचशेच्या वायरीवर कसली काटकसर करताय. पायाखाली दोन-दोन मॅट टाकू नका, गोणपाट तर अजिबात नको. आणि गाडीवर पाठवताय त्या पोरांना शिकवा, रेस अडकली तर क्लच आणि न्यूट्रल, इंजिन ओरडू दे, पंपाला गव्हर्नर असतोय, ठराविक आरपीएमच्या वर तो जाऊ देत नाही. ब्रेक सारखा सारखा मारायचा नाही, एकदाच दाबून धरायचा; इंजिन बंद झाल्यावर सारखा मारला तर ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम संपतो आणि पायडल दगडासारखं होतं. पळत्या गाडीत किल्ली उपसून काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. टर्बोचं (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) सील गेलेलं असलं तर गोष्ट वेगळी, तिथं इंजिन स्वतःचं ऑईल खाऊन पळतंय, गव्हर्नर काही करू शकत नाही आणि किल्ली बंद करूनपण ते थांबत नाही. अशा वेळी गाडी उभी करायची, ब्रेक घट्ट धरायचा, वरचा गियर टाकून क्लच सोडायचा, इंजिन गुदमरून बंद पडतं. सायलेन्सरमधनं निळा धूर येत असेल तर आधी टर्बो दाखवा, मग भाडं घ्या.

आणि गॅरेजवाल्यांनो, स्प्रिंग मिळाली नाही तर गाडी सोडू नका. दोन दिवस उभी राहू दे, भाडं बुडू दे, शिव्या घालतो आम्ही, ऐकून घ्या. ट्यूब बांधून पाठवू नका.