निकीया, क्रूस आणि रिकामी कबर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती विश्वासाच्या गाभ्यावरच्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा आधी देतो. आपण म्हणता, एक देव म्हणायचे आणि तीन पुजायचे हा उघड विरोधाभास आहे. आणि तोही येशूने शिकवलेला नाही, तर ३२५ साली रोमन बादशहा कॉन्स्टन्टाइनने निकीया शहरी बिशपांच्या परिषदेत मतदान घेऊन ठरवलेला. अपराध आपला आणि शिक्षा निरपराध्याला यात न्याय कसला, त्यापेक्षा 'करावे तसे भरावे' हा कर्मसिद्धांत सरळ. देवाने माणूस होणे, म्हणजे देहधारण, हा तर आपला अवतारच, मग नवे काय? कबुली दिली की पाप माफ, म्हणजे पुन्हा करायला मोकळे. आणि माणूस जन्मतःच पापी, हा तर माणसाचा अपमान. शेवटी आपण लिहिलेत की पेठांमध्ये वाढलेल्या माणसाला हे पटणे कठीण.

सगळ्या मुद्द्यांना सारखी जागा देणार नाही. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि क्रूस हे आपले वजनदार आक्षेप, म्हणून तिथे जास्त थांबतो.

आधी एक गोष्ट क्रमाची. लेखात निर्मिती, पतन, देहधारण, क्रूस, पुनरुत्थान, पुनरागमन अशी कलमे ओळीने मांडली होती. शिकवताना हा क्रम सोयीचा पडतो. इतिहासात मात्र सुरुवात मधूनच झाली. वल्हांडणाच्या सणात क्रुसावर मारलेला आपला गुरू तिसऱ्या दिवशी देहासह उठला, आम्ही त्याला पाहिले, असे काही यहुदी माणसे यरुशलेमात सांगू लागली. त्रैक्य काय, क्रुसावरच्या मरणाने पापांची भरपाई काय, बाकीचे सगळे सिद्धांत म्हणजे 'हे खरे असेल तर मग देवाविषयी काय म्हणायचे?' या प्रश्नाची उत्तरे आहेत. आपली टीका उत्तरांवर आहे. मूळ विधानाला आपण हातच लावलेला नाही.

आता निकीया. येशू उठला असे सांगणारी ही पहिली माणसे कोण होती ते पाहा. 'हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव अनन्य परमेश्वर आहे' हे वचन रोज सकाळ-संध्याकाळ म्हणणारी. पुण्यात कॅम्पातल्या लाल देवळात किंवा रास्ता पेठेतल्या बेने इस्रायलींच्या प्रार्थनालयात तेच वचन आजही म्हटले जाते. माणसाला देव म्हणण्याची कल्पना ज्यांना सर्वांत जड जावी असा हा समाज. तरीही त्यांच्यातलाच सुरुवातीचा प्रचारक पौल करिंथकरांना पहिले पत्र लिहितो तेव्हा, म्हणजे इ. स. ५५ च्या सुमारास, आठव्या अध्यायात त्याच वचनाच्या चौकटीत 'एकच देव, पिता' आणि 'एकच प्रभू, येशू ख्रिस्त' असे दोघांना एका वाक्यात बसवतो. फिलिप्पैकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल असे म्हटले आहे. यहुदी शास्त्रातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात ४५ व्या अध्यायात हेच शब्द परमेश्वराने स्वतःविषयी काढलेले आहेत. ११२ च्या आसपास बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी ट्राजन बादशहाला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रे गातात. प्लिनी ख्रिस्ती नव्हता, तो त्यांच्या चौकश्या करून शिक्षा देत होता. निकीयाची परिषद याच्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी भरली.

म्हणजे येशूची उपासना करावी की नाही हा प्रश्न निकीयापुढे नव्हताच. अलेक्झांड्रियातला एरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र सर्वांत श्रेष्ठ आहे, पण निर्माण केलेला आहे. तो नव्हता असा एक काळ होता. मग अडचण अशी की निर्माण केलेल्या कुणाची उपासना करणे म्हणजे मूर्तिपूजाच झाली. परिषदेने उत्तर दिले की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे, जन्मलेला आहे, निर्मिलेला नाही. जमलेल्या सुमारे तीनशे बिशपांपैकी अखेरपर्यंत सही न करणारे दोघे, सेकुंडस आणि थिओनस. थोडक्या मतांनी सुटलेला हा निकाल नव्हे.

आणि बादशहाचे म्हणाल, तर त्याने परिषद बोलावली, तिचा खर्च केला, सही न करणाऱ्यांना हद्दपार केले. हे खरे आहे आणि राजसत्तेचा हा हात मला आजही खुपतो. पण पुढचा इतिहास आपल्या मुद्द्याच्या उलट जातो. काही वर्षांतच त्याने एरियसला परत बोलावले. ३३७ साली मृत्युशय्येवर त्याला बाप्तिस्मा दिला तो एरियसची बाजू घेणाऱ्या निकोमीडियाच्या युसेबियसने. त्याचा मुलगा कॉन्स्टन्शियस तर उघडपणे निकीयाच्या विरोधात होता. निकीयाचा कैवारी अथनेशियस याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. पुढचे अर्धशतकभर पूर्वेकडचे सिंहासन बहुतेक काळ दुसऱ्या बाजूला होते, तरी अनेक मंडळ्यांनी, म्हणजे ठिकठिकाणच्या चर्चनी, निकीया सोडले नाही. ३८१ साली कॉन्स्टन्टिनोपलला पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्ताराने जोडला गेला. पुण्यातल्या चर्चमध्ये उपासनेत म्हणतात तो निकीयाचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचे ठरलेले निवेदन, मुख्यतः याच रूपातला.

विरोधाभासाबद्दल. एकच गोष्ट एकाच अर्थाने एक आणि तीन म्हटली असती तर तो विरोधाभास झाला असता. दावा तसा नाही. देव 'काय आहे' याचे उत्तर एक. 'कोण आहे' याचे उत्तर तीन : पिता, पुत्र, पवित्र आत्मा. हे गूढ आहे, मान्य, पण गणिताची चूक नाही. गोंधळाला आमच्याकडचे रविवारच्या शाळेतले दृष्टान्तही पुष्कळ जबाबदार आहेत. पाणी, बर्फ, वाफ हा त्यातला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत चुकीचा. तेच पाणी एका वेळी तिन्ही होत नाही, रूपे पालटते. म्हणजे एकच देव तीन सोंगे घेतो असे ठरते. मग येशू यार्देनेत बाप्तिस्मा घेताना आकाशातून बोलला कोण, गेथशेमाने बागेत त्याने प्रार्थना केली कुणाला? हे मत चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारले आहे. ब्रह्मा-विष्णू-महेश किंवा दत्तात्रेयाची उपमा दिली की चूक दुसऱ्या बाजूला होते. उत्पत्ती, पालन, लय अशी कामांची वाटणी डोळ्यांपुढे येते, आणि ख्रिस्ती शिकवण तर सांगते की देवाचे प्रत्येक काम तिघांचे मिळून एकच असते. मुलांना शिकवणाऱ्यांना माझे सांगणे आहे की उपमा सोडा, बाप्तिस्म्याचा प्रसंग वाचून दाखवा.

यावर प्रश्न विचारणे पुण्याला नवे नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. पुढे आधी मुंबईत आणि मग पुण्यात शारदा सदन आणि केडगावला मुक्ती मिशन उभे केले ते याच बाईंनी. आंधळेपणाने गिळले असे त्यांच्याबद्दल कुणी म्हणू शकणार नाही.

क्रुसाचा आक्षेप याहून खोल आहे. पिता न्यायाधीश, आपण गुन्हेगार आणि येशू हा तिसराच कुणी पकडून आणलेला, असे चित्र असेल तर तो घोर अन्यायच, आणि मीही ते मानणार नाही. पण त्रैक्य मान्य न करता क्रुसाकडे पाहिले की हेच चित्र दिसते. म्हणून हे दोन सिद्धांत वेगवेगळे तपासता येत नाहीत. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल लिहितो की देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाशी समेट करत होता. योहानाच्या शुभवर्तमानात (येशूच्या चार चरित्रांपैकी एकात) दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की माझा प्राण कुणी हिरावत नाही, मी आपण होऊन देतो. ज्याचा अपराध झाला तोच भार उचलतो आहे. वाण्याने वहीतली उधारी माफ केली म्हणून ती हवेत विरत नाही, ती त्याच्या गल्ल्यातून जाते. क्षमा करणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागतेच. क्रुसावर देवाने ती मोजली, असा हा दावा आहे.

ही किंमत नेमकी कशी चुकती होते, याची एकच एक उपपत्ती कोणत्याही सार्वत्रिक परिषदेने बंधनकारक केलेली नाही, हेही लक्षात घ्या. पहिल्या शतकांत भर होता मृत्यूवरच्या विजयावर. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म या धर्मपंडिताने देवाच्या मानाच्या भरपाईची भाषा आणली, सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांनी शिक्षा स्वतःवर घेण्याची. आपण फक्त शेवटची ऐकलेली दिसते, कारण प्रवचनांत तीच जास्त येते.

आणि कर्म? 'माणूस जे पेरतो तेच कापतो' हे गलतीकरांच्या पत्रातलेच वाक्य आहे. कृतीला फळ असते यावर आपले दुमत नाही. मतभेद आहे तो उलट्या अनुमानाचा. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? येशू म्हणतो, दोघांचेही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, ती इतरांहून जास्त पापी होती असे समजू नका, असे तो लूकच्या तेराव्या अध्यायात बजावतो. समोरच्याच्या दुःखावरून त्याचा हिशेब मांडायला इथे मनाई आहे. कृपेची ओळख मराठी मनाला नाही असेही नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ना. वा. टिळक म्हणत.

अवताराचा मुद्दा. साम्य आहे आणि ते नाकारण्यात मला रस नाही. पण फरक मोठा आहे. गीतेतला अवतार युगायुगांत होतो, दुर्जनांचा नाश करून धर्म स्थापतो. देहधारण एकदाच, आणि दुर्जनांच्या हातून मरण्यापर्यंत. येशूला भूक लागते, तो रडतो, शेवटचा दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असे मार्कच्या तेराव्या अध्यायात स्वतः सांगतो. ४५१ साली खल्किदोनच्या परिषदेने ईश्वरत्व आणि मनुष्यत्व यांच्यात मिसळ नाही, बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही, असे चार नकारांचे कुंपण घातले. यातली ताटातूट नाकारणे सर्वांत विलक्षण : घेतलेला देह त्याने काम झाल्यावर टाकला नाही. तो आजही माणूस आहे. म्हणूनच मतांगीकारात आत्म्याच्या अमरत्वाऐवजी मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची आशा येते. देह हा तुरुंग नाही, तोही देवाने सोडवायचा आहे. दुर्दैवाने आमच्याच अंत्यविधीच्या भाषणांत आत्मा पिंजऱ्यातून सुटला वगैरे सर्रास ऐकू येते.

कबुलीचे थोडक्यात सांगतो. कॅथॉलिक पापनिवेदनात आधी सद्सद्विवेकाची तपासणी, मग खरा पश्चात्ताप, मग गंभीर पापे प्रकार आणि संख्येसह सांगणे, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि धर्मगुरू सांगेल ते प्रायश्चित्त. यातला निश्चयच नसेल तर क्षमेचे शब्द उच्चारले तरी संस्कार निष्फळ ठरतो. चोरी असेल तर शक्य ती भरपाई करावीच लागते. जकातदार जक्कय निम्मी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेले चौपट परत द्यायला उभा राहिला तो यामुळेच. प्रोटेस्टंट उपासनेत कबुली सामुदायिक असते, पण नियम तोच : भावाशी भांडण असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करून ये. बिघडते ते इथे. लोक शब्द म्हणतात आणि भरपाई टाळतात. आपली टीका अशा माणसांवर असेल तर ती रास्त आहे. रोमकरांच्या सहाव्या अध्यायात पौलानेही तीच केली आहे.

माणसाच्या अपमानाविषयी इतकेच, की उत्पत्तीच्या पुस्तकात माणूस देवाच्या प्रतिरूपाचा हे पहिल्या अध्यायात येते, पतन तिसऱ्यात. मूळ पाप म्हणजे वारशाने आलेला दोष की वारशाने आलेले मरण आणि दुबळेपण, यावर पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या मंडळ्यांत फरक आहे. पण प्रतिरूप पुसले गेले असे दोघेही म्हणत नाहीत.

आता टीका कुठे करावी ते सांगतो, कारण आपल्यासारख्या वाचकाने ती नेमकी करावी असे मनापासून वाटते. करिंथकरांना पहिले पत्र, अध्याय १५, ओवी ३ ते ८ उघडा. मला जे मिळाले तेच मी तुम्हाला दिले, असे म्हणून पौल साक्षीदारांची यादी देतो : केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, एका वेळी पाचशेहून अधिक, त्यातले बहुतेक हयात, मग याकोब, शेवटी तो स्वतः. याकोब हा येशूचा भाऊ. येशूच्या हयातीत त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते असे योहान ७ मध्ये आहे. पुढे हाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला. ६२ साली तो मारला गेला, हे जोसेफस या यहुदी इतिहासकाराने नोंदवले आहे. हे स्थित्यंतर कशाने झाले याचे दुसरे पटणारे कारण द्या. मतांगीकारात मरीयेखेरीज एकाच माणसाचे नाव आहे, पंतय पिलात, इ. स. २६ ते ३६ चा रोमन सुभेदार. विधान तारखेला बांधलेले आहे, म्हणजे खोडता येण्याजोगे आहे. ख्रिस्त उठलाच नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ, हे पौलाने त्याच अध्यायात लिहून ठेवले आहे.

अडचणीच्या जागाही सांगून ठेवतो. कबरेपाशी गेलेल्या स्त्रियांची नावे चारही शुभवर्तमानांत जुळत नाहीत : मार्क तिघी सांगतो, मत्तय दोघी, योहान नावाने फक्त मग्दालीया मरीयेला. कुठे एक दूत, कुठे दोन. सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क १६ च्या शेवटच्या बारा ओव्या नाहीत. माझ्या मते हे फरक स्वतंत्र साक्षींत असतात तसे आहेत, आणि स्त्रियांची साक्ष दुय्यम मानणाऱ्या त्या काळात बनाव करणाऱ्याने पहिले साक्षीदार म्हणून स्त्रिया घेतल्या नसत्या. आपल्याला तसे वाटत नसेल तर चारही वृत्तान्त शेजारी ठेवून लिहा. त्याला मी ओळीओळीने उत्तर देईन.