साखर कोणी घालत नाही हो!

तुमच्या लेखातलं पोर्तुगालमधल्या दोरू नदीवरच्या खासगी बोटीचं वर्णन झकास जमलंय, पण तिथल्या गोड वाइनबद्दलचं ‘पोर्ट म्हणजे साखर घातलेली वाइन’ हे वाक्य खटकलं. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचंच कडक मद्य ओततात. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, आणि फळातली साखर तशीच उरते. गोडवा येतो तो तिथून.

आम्ही चौघांनी दोरूकाठच्या पिन्यांव गावाहून दोन तासांसाठी बोट घेतली होती. दोन्ही काठांना दगडी बांधांचे टप्पे, आपल्याकडच्या डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारखे, फक्त भाताऐवजी वेली. पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री पोंबाल याने १७५६ साली आखून दिलेला हा वाइनचा प्रदेश. पूर्वी राबेलो नावाच्या होड्या वाइनची पिंपं लादून खळाळातून पोर्तू शहराकडे जायच्या. आता धरणांमुळे पाणी इतकं संथ, की बोट लागणाऱ्या आमच्या सौ.नी दोन ग्लास आरामात संपवले.

ताटात मक्याचा पाव, ऑलिव्ह, बदाम आणि शोरीसू, म्हणजे पोर्तुगीज डुकराच्या मांसाचं सॉसेज. माझं आजोळ म्हापशाचं. तुकडा तोंडात टाकला आणि पहिलं मनात आलं, अरे, व्हिनेगर कुठाय? तिखट कुठाय? गोव्याच्या चोरिसाचा हा मूळपुरुष, पण नातू भलताच झणझणीत निघाला! लाकडी पिंपात मुरवलेली टॉनी पोर्ट मात्र अप्रतिम, सुक्या अंजिराची आणि अक्रोडाची चव जिभेवर रेंगाळते.

जाणाऱ्यांनी सप्टेंबरात, द्राक्षतोडणीच्या वेळी जावं. आणि बोटीला छत आहे ना, तेवढं आधी विचारा. आमच्या बोटीला नव्हतं, टक्कल चांगलंच भाजून निघालं.