लहान बोटींचे दिवस

४ डिसेंबर, नौदल दिन. इथे नॉर्वेत सकाळचे सात वाजले होते, बेळगावात साडेअकरा. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी १९७१ च्या कराची हल्ल्याबद्दल चार ओळी टाकल्या आणि बसमध्ये चढलो. बस सोत्रा पुलावरच्या रांगेत अडकलेली असतानाच टिळकवाडीतल्या एका वर्गमित्राचं उत्तर आलं: ‘त्या होड्यांचं कौतुक पुरे की आता. जमाना विमानवाहू जहाजांचा आलाय. लहान बोटींचे दिवस संपले, तसे लहान पक्षांचेपण संपले. समितीवाल्यांनी कुठल्या तरी मोठ्या जहाजात चढावं आणि गप बसावं.’ खाली अकरा अंगठे.

त्या अकरांतल्या निदान चौघांचे वडील १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत दंडाला काळी फीत बांधून चालताना मी स्वतः पाहिले आहेत. २०१८ आणि २०२३ च्या कर्नाटक विधानसभेत समितीला, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून झगडणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला, एकही जागा मिळाली नाही हे मला माहीत आहे, आणि तिच्यातल्या गटबाजीचा मलाही त्यांच्याइतकाच वैताग आहे. पण त्यासाठी बोटींचा दाखला दिला, तो साफ चुकीचा दिला. त्याचाच राग आठवडाभर डोक्यात राहिला.

माझा थोरला मामा खानापूर तालुक्यातला. नौदलात इंजिनरूममध्ये होता. घाटावरच्या माणसाचं समुद्राशी काय काम, असं कुणी विचारलं की म्हणायचा, ‘आमच्या रानातलं पाणी म्हादईतनं पणजीला जाऊन समुद्रालाच मिळतंय की.’ त्याने काम केलं ते पहिल्या खेपेच्या रशियन क्षेपणास्त्र बोटींवर. ओसा, म्हणजे गांधीलमाशी. जेमतेम ३९ मीटर लांबीची बोट, वर चार क्षेपणास्त्रं आणि पोटात तीन डिझेल इंजिनं, प्रत्येकी ४,००० अश्वशक्तीची. एकेका इंजिनाला ४२ सिलिंडर. मला ते पटेना, तेव्हा मामाने जेवता जेवता ताटाभोवती सात चमचे चांदणीसारखे मांडले आणि म्हणाला, ‘एकेका चमच्यामागं सहा. आता मोज.’ खालच्या बाजूच्या सिलिंडरपर्यंत हात पोचवायला तेलात आडवं पडावं लागायचं, म्हणे. त्या आवाजाने त्याचा उजवा कान गेला. आजही तो व्हिडिओ कॉलवर असा ओरडून बोलतो की इथे शेजारच्या बाई दार उघडून बघतात.

मामा १९७१ नंतर भरती झाला. कराचीच्या रात्री तो नव्हता, पण त्या रात्री होते त्यांच्या हाताखाली शिकला. म्हणून आमच्या घरी ती लढाई क्षेपणास्त्रांची म्हणून कधी सांगितली गेली नाही. ती दोराची आणि तेलाची गोष्ट होती. या बोटी बांधल्या होत्या आपल्याच किनाऱ्याच्या रक्षणासाठी, त्यामुळे पल्ला तोकडा. रशियाहून आल्या त्या कलकत्त्याला उतरल्या आणि तिथून ओढत मुंबईला आणल्या. तेव्हाच लक्षात आलं की ज्या बोटी इतक्या लांब ओढून आणता येतात, त्या शत्रूच्या दाराशीही नेता येतील. दोर लावून न्यायचं, वाटेत तेल देणारं जहाज ठेवायचं, अशी योजना झाली. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन बोटी कराचीवर गेल्या. २५ व्या स्क्वाड्रनचे कमांडर बब्रूभान यादव निपातवर होते, सोबतीला किल्तान आणि कछाल ही पाणबुडीविरोधी जहाजं. दिवसा पाकिस्तानी विमानांच्या टप्प्याबाहेर थांबायचं, अंधार पडला की वर सरकायचं. त्या रात्री खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज हा सुरुंगशोधक बुडाला, व्हीनस चॅलेंजर हे मालवाहू जहाजही गेलं. आपला एकही माणूस दगावला नाही. चार दिवसांनी एकटी विनाश गेली, त्रिशूळ आणि तलवार या दोन फ्रिगेटांच्या सोबतीने. तिच्या चारपैकी एका क्षेपणास्त्राने कराची बंदरातल्या केमारीच्या तेलटाक्या पेटल्या.

आणखी एक गोष्ट आहे, ती माझ्या मित्राला माहीत नसावी. तेव्हाचे नौदलप्रमुख अॅडमिरल नंदा कराचीजवळच्या मनोरा बेटावर वाढले होते. ज्या बंदरावर त्यांनी बोटी धाडल्या ते त्यांच्या लहानपणीचं बंदर. शाळेत असताना ही मला नुसती चमकदार माहिती वाटायची. आता वाचताना मी त्या ओळीशी थांबतो.

लहान बोट नेहमी जिंकते असं मी म्हणत नाही. १९६७ च्या ऑक्टोबरात इजिप्तच्या कोमार या रशियन क्षेपणास्त्र बोटींनी पोर्ट सैदच्या बंदरातूनच क्षेपणास्त्रं सोडली आणि इस्रायलची ऐलात ही विनाशिका बुडवली, तेव्हा जगभरच्या नौदलांना घाम फुटला. पण त्यानंतर सहा वर्षांनी लताकियासमोर सीरियाच्या तशाच बोटी गेल्या आणि इस्रायलची एकही गेली नाही. का? इस्रायलच्या क्षेपणास्त्रांचा पल्ला तर कमी होता. पण त्यांनी हवेत धातूच्या पट्ट्या उधळून समोरच्याच्या क्षेपणास्त्रांना चकवलं आणि मग जवळ जाऊन मारलं. १९९१ मध्ये इराकच्या बोटी बुबियान बेटाजवळ उघड्यावर सापडल्या, तर ब्रिटिशांच्या लिंक्स हेलिकॉप्टरांनी त्यांना टिपून काढलं. वर आपली विमानं नाहीत, मागे कोणी नाही, मग वेग असून उपयोग काय? आणि २०२४ च्या सुरुवातीला रशियाची इव्हानोवेत्स, चांगली पाचशे टनांची क्षेपणास्त्र नौका, युक्रेनच्या माणूस नसलेल्या बोटींनी क्रिमियाच्या काठाशी फोडली. तिथे लहानाला त्याहून लहानाने मारलं. यातून लहान बोटींचे दिवस संपले असं कसं म्हणायचं? आपल्याच सरकारने मार्च २०२३ मध्ये कोचीन शिपयार्डला सहा नव्या क्षेपणास्त्र नौकांची ९,८०५ कोटींची ऑर्डर दिली आहे, ती काय कौतुकापोटी? आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या काठाला लागली ती रबरी होडी अडवायला विमानवाहू जहाज कामाचं नव्हतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मित्राने एवढंच लिहिलं, ‘आंग्र्यांपासून सुरू कर.’

मग तिथूनच करतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराबा, म्हणजे तोफांची मोठी शिडाची जहाजं, आणि त्यांहून लहान गलबतं असत. वारा पडला की इंग्रजांची उंच जहाजं जागच्या जागी खिळायची, तेव्हा वल्ह्यांची गलबतं गुराबांना दोर लावून ओढायची आणि शत्रूच्या पाठीशी नेऊन उभी करायची, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत. तिथे लहान मोठ्याला ओढत होतं, १९७१ मध्ये मोठं लहानाला. दोर दोन्हीकडे आहे. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले आणि हात हलवत परत गेले. मग हे आरमार संपलं कसं? फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांची जहाजं जळाली, आणि तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. तुळाजी काही साधा माणूस नव्हता, त्याच्याबद्दल पेशव्यांच्या तक्रारी खऱ्याच होत्या. पण मोठ्या जहाजाशी सोयरीक करून आपलं लहान आरमार मोडायचा प्रयोग आपल्याकडे एकदा होऊन गेला आहे. माझ्या मित्राने मला आंग्र्यांची आठवण द्यायला नको होती.

मी इथे बर्गनजवळच्या सोत्रा बेटावर राहतो. समोर पाण्यापलीकडे होकोन्सवर्न, नॉर्वेच्या नौदलाचा तळ. फ्लोरोच्या हुर्टिगबोटने, म्हणजे जलद प्रवासी बोटीने, साइटवर जाताना एखाद्या सकाळी शोल्ड वर्गातली कॉर्वेट, म्हणजे लहान युद्धनौका, बाजूने निघून जाते. ४७ मीटर लांब, फायबरचं अंग, पोटाखाली हवेची उशी, ६० नॉट वेग, म्हणजे आपल्या हायवेवरच्या गाडीपेक्षा जास्त. सहा आहेत. त्यांतल्या एकीचं नाव ग्लिम्ट, दुसरीचं ग्निस्ट, म्हणजे चमक आणि ठिणगी. पहिल्यांदा ती नावं वाचली तेव्हा अंगावर काटा आला, कारण आपल्या बोटींची नावं होती विद्युत, चमक, चपळ. दोन्हीकडच्या माणसांना असल्या बोटीकडे बघून तेच सुचलं. इथला किनारा फ्योर्डांनी कातरलेला आहे, बेटांच्या आड उभं राहून वाट बघायची आणि एकदम बाहेर पडायचं, अशी ही बोट. तिला कुणी होडी म्हणत नाही.

इथे मुलीच्या शाळेत नीनोश्क शिकवतात, नॉर्वेजियन भाषेच्या दोन अधिकृत लेखनरूपांतलं लहान. देशातल्या दहांतल्या एकाहून थोडी अधिक मुलं त्या लेखनरूपात शिकतात, बाकी बहुतेक सगळी बुकमोल या मोठ्या रूपात. मी सरकारी कार्यालयाला नीनोश्कमध्ये पत्र लिहिलं तर त्याच रूपात उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. थोडे आहात म्हणून मोठ्यांत मिसळा, असं त्यांना कुणी सांगत नाही. तिकडे माझा मामा, ज्याने रशियन इंजिनांची पुस्तकं शब्द लावून लावून वाचली, तो स्वतःच्या शेताचा कन्नडमधला उतारा दुसऱ्याकडून वाचून घेतो. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, ८६५ गावं तारखा मोजतात, आणि आमच्या ग्रुपवर लोक अंगठे टाकतात.

हेही मी लिहिलं. मित्र शांतपणे दोन गोष्टी म्हणाला. पहिली, नॉर्वेने २०२५ मध्ये ब्रिटनकडून टाइप २६ फ्रिगेटी घ्यायचं ठरवलं, ते काय लहान बोटींवर भागत होतं म्हणून? त्याला उत्तर होतं माझ्याकडे: त्या खोल पाण्यात पाणबुड्या शोधायला आहेत, ते काम कॉर्वेटचं नव्हेच. दुसरी गोष्ट: ‘तुझ्या नॉर्वेने उत्तरेकडच्या सामी आदिवासींच्या पोरांना शाळेत त्यांची भाषा बोलू दिली नाही कित्येक वर्षं, ते लिही की कधी.’ ते खरं आहे. मी तुलनेला नीनोश्क घेतलं, कारण ते मला सोयीचं होतं. त्यावर मी काही लिहिलं नाही.

मग त्याने विचारलं, ‘आणि तू कुठला आता? बसून बोलायला काय जातंय.’

चार वर्षांपूर्वी मी इथलं नागरिकत्व घेतलं. कारणं होती, मुलीची, नोकरीची, सगळ्यांची असतात तशीच. भारतीय पासपोर्ट परत केला. आईला लगेच सांगितलं, मामाला सहा महिने सांगितलं नाही. सांगितल्यावर त्याने इंजिनवाल्याचाच प्रश्न विचारला: ‘परतीचं तेल ठेवलंयस का?’ मी हो म्हणालो. परदेशी झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड दाखवलं. त्याने ते कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितलं, बराच वेळ बघितलं आणि मग पावसाबद्दल विचारलं.

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात आम्ही त्याला घेऊन अणशी घाटातून कारवारला गेलो होतो. तिथे किनाऱ्यावर चपळ ठेवली आहे, बघायला म्हणून. मुलगी शिडीने भराभर वर गेली. मामा गेला नाही. बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा तिच्या पोटावर तळहात ठेवून तो खालीच उभा राहिला. रंगाचे पापुद्रे निघाले होते, ते त्याने नखाने हळूच दाबून बसवले. मुलीने वरून मला नॉर्वेजियनमध्ये विचारलं, हिला पाण्यात का नाही ठेवलं? मी मामाला मराठीत सांगितलं. मामा म्हणाला, ‘ओढून न्यायला कोण आहे?’ ते मी मुलीला नॉर्वेजियनमध्ये सांगायला गेलो आणि मला ते वाक्य नीट जमलं नाही.

मित्राच्या प्रश्नाला मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. रात्री त्याला वेगळा मेसेज केला: टिळकवाडीच्या मतदार यादीत माझं नाव अजून आहे का, जरा बघतोस? आमच्याकडे एकेक मराठी मत मोजून ठेवायची सवय आहे, म्हणून विचारायचं धाडस झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने यादीचा फोटो पाठवला. घर क्रमांक, वडिलांचं नाव, माझं नाव, माझा अठरा वर्षांपूर्वीचा फोटो. खाली लिहिलं होतं, ‘हाय की अजून.’

ते तिथे नसायला हवं. नागरिकत्व सोडलं की नावही काढावं लागतं, फॉर्म ७ भरून. फॉर्म डाउनलोड करून ठेवला आहे. भरलेला नाही.