‘फुकट्यांचं तत्त्वज्ञान’ : रोखठोक यांना उत्तर

श्री. रोखठोक (किंवा श्रीमती; टोपणनावावरून काही कळायला मार्ग नाही),

पैशाला हात न लावता केलेल्या नर्मदा परिक्रमेवरचा ‘खिशात दमडी नसताना’ हा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, त्याबद्दल आधी आभार. हल्ली लोक शीर्षक वाचून भांडतात. तुम्ही निदान वाचून भांडलात.

ज्यांनी प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी ती इथे देतो: “काका, तुम्ही पैशाशिवाय नाही, दुसऱ्याच्या पैशावर १२८ दिवस काढलेत. तुम्ही खाल्लेल्या खिचडीचे तांदूळ कोणीतरी विकतच आणले होते. इकडे तुमची पेन्शन दरमहा खात्यात पडत होती. ज्यांच्याकडे खरंच काही नाही त्यांना असले प्रयोग परवडत नाहीत. समुद्रातल्या नावेचं भाडं कोणी भरलं तेही लिहा. आणि विमलेश्वर उत्तर तटावर नाही, दक्षिण तटावर आहे. एकूण काय, फुकट्यांचं तत्त्वज्ञान.”

विमलेश्वरचं तुमचं बरोबर आहे. ओंकारेश्वराहून दक्षिण तटानं जायचं, विमलेश्वरला नावेत बसायचं, खाडी ओलांडून मिठी तलाईला उत्तर तटावर उतरायचं. लिहिताना माझी गल्लत झाली. चूक दाखवलीत, दुरुस्त करतो. चूक मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून हे सगळ्यात आधी लिहिलं.

आता ‘फुकट्या’ या शब्दाकडे येऊ. आणि ‘काका’ राहू द्या. ज्याला फुकट्या म्हणायचं त्याला वर काका कशाला?

माझे आजोबा वार लावून शिकले. तुमच्या पिढीला (पिढीही मी अंदाजानंच म्हणतोय) हा शब्द माहीत नसेल तर सांगतो. गरीब मुलगा शिकायला पुण्यात यायचा, सात वारांना सात घरं धरायचा, ज्या वारी जे घर त्या घरी जेवायचा. आजोबांना सहाच घरं मिळाली. गुरुवार रिकामा राहिला, म्हणून त्यांनी गुरुवारी दत्ताचा उपास धरला, आणि पुढे नोकरी लागली, घर झालं, नातवंडं झाली तरी शेवटपर्यंत सोडला नाही. आम्हा मुलांना वाटायचं, काय भक्ती आहे! आजीनं एकदा खरं कारण सांगितलं तेव्हा आजोबा नुसते हसले. मंगळवारच्या घरी ते विहिरीचं पाणी शेंदून द्यायचे, शुक्रवारच्या घरच्या मुलाला पाढे शिकवायचे. कोणी सांगितलं नव्हतं. ताटावर बसायच्या आधी हात रिकामे असले की घास उतरत नसे, असं ते म्हणायचे. हा माणूस फुकट्या होता का? उत्तर द्या. नाव लावून दिलंत तर अधिक बरं.

(कोणी विचारायच्या आधी मीच लिहून टाकतो: ती घरं ब्राह्मणांची होती आणि आजोबाही ब्राह्मण होते. त्याच पुण्यात दुसऱ्या जातीच्या हुशार पोराला गुरुवारच काय, सातही वार उपास पडला असता. हे मला कळतं.)

तुम्ही लिहिता त्याचा सूर असा, की या म्हाताऱ्यानं आयुष्यात पैसा कधी हाताळला नसावा. साहेब, मी ३१ वर्षं कॅशियर होतो. बोटांना ओल्या स्पंजाचा वास आणि संध्याकाळी हिशेब जुळेपर्यंत पोटात गोळा, असं माझं आयुष्य गेलं. एकदा बंडलात ५०० ची नोट जास्त गेली, ती माझ्या खिशातून भरली. महिना होता जूनचा, पोरीच्या वह्यापुस्तकांचा. ५०० रुपये म्हणजे काय हे मला शिकवू नका.

८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे दिवस मी काउंटरवर काढले आहेत. सुरुवातीला माणशी ४,००० च बदलून मिळायचे. एक आजी हिंगाच्या डबीत नोटा घेऊन आल्या होत्या. गुंडाळी करून, दोरा बांधून. अख्ख्या केबिनभर हिंगाचा वास. मुलाला माहीत नसलेले पैसे होते ते, आणि मुलगा रांगेत मागेच उभा. मी नोटा काउंटरखाली घेऊन मोजल्या. त्या आठवड्यात पैसेवाल्यांचे हात रिकामे झालेले मी पाहिले. घरी परतताना आमच्या गल्लीतला वाणी काय करतोय तेही पाहत होतो. त्यानं वही काढली होती. “साहेब, होईल तेव्हा द्या.” तांदूळ, तेल, साबण, सगळं वहीवर. पैशाखाली आणखी एक थर असतो आणि त्यावर गाव चालतं, हे मला तेव्हा दिसलं. निवृत्त झालो, आणि २०१८ च्या कार्तिकात ओंकारेश्वराला जाऊन सॅक पाठीला लावली. लेखात हे सगळं होतं. तुम्हाला त्यात फक्त खिचडी दिसली.

राहता राहिले तुमचे बाकीचे मुद्दे.

पेन्शन : ती मी कमावलेली आहे. खात्यात पडत होती, पडू दे. तिला हात लावला नाही. विषय संपला.

नावेचं भाडं : बरोबर चालणाऱ्या निफाडच्या एका द्राक्षबागायतदारांनी भरलं आणि घरी आल्यावर मी ते परत केलं. लेखात लिहायला हवं होतं, राहिलं. पण ती नाव भरतीच्या वेळेला सुटते, रात्री-अपरात्री चिखलातून चालत जाऊन गाठावी लागते. त्या चिखलात गुडघाभर उभं राहून मग भाड्याची चौकशी करा.

‘ज्यांच्याकडे खरंच नाही त्यांना परवडत नाही’ : पैशाविना जगणं सगळ्यांनी करावं असं मी कुठे लिहिलंय? ओळ दाखवा. बलुत्यात पैसा नव्हताच. सुगीला खळ्यावर पेंढ्या मिळायच्या, त्या किती हे देणारा ठरवायचा. घेणाऱ्याला ‘कामाचे आणे किती ते बोला’ म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं, म्हणजे या पिढीजात गावकामाचं, बिल मांडलं ते उगाच नाही, आणि कनिष्ठ वतनं जायला पुढे १९५८ चा कायदा यावा लागला. गिरणीतला रोख पगार हातात पडला तेव्हा कित्येकांची मान पहिल्यांदा ताठ झाली. रोख पैसा जात विचारत नाही, हा त्याचा मोठा गुण. हे मला मान्य आहे. तुमच्या प्रतिक्रियेत हे नव्हतं. मीच तुमची बाजू तुमच्यापेक्षा नीट मांडतोय असं वाटायला लागलंय.

विनोबांचं उदाहरण मी लेखात दिलं त्यावर तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, याचं मात्र नवल वाटलं. १९५० साली पवनारला त्यांनी कांचनमुक्ती सुरू केली. पैशाचं दान बंद, बैलसुद्धा नको, हातानं खणायचं, रहाट माणसांनी ओढायचा, पिकेल ते खायचं. १९५१ च्या एप्रिलमध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला संमेलन होतं, तिकडे ते मार्चमध्ये पायीच निघाले, कारण पैशाला शिवायचं नाही म्हटल्यावर तिकीट कसलं काढणार! त्याच चालण्यात पुढे १८ एप्रिलला पोचमपल्ली आली आणि भूदान सुरू झालं. तिकिटाचे पैसे असते तर काय झालं असतं, बघा विचार करून. आता तुम्ही म्हणाल, विनोबांनी कुदळ हातात घेतली होती, तुम्ही कमंडलू. म्हणा. हा मुद्दा मला लागला असता. तो तुम्हाला सुचला नाही.

आणखी एक आहे, जे तुम्हाला सुचणं शक्यच नव्हतं, कारण मी ते लेखात लिहिलं नव्हतं. दोन दिवस तुमच्यावर चिडून झाल्यावर ते लिहितोय.

आश्रमांत ‘बाबाजी, बालभोग लीजिए’ म्हणत पोहे पुढे येतात. तिथे दान देणारे आहेत, कोठार आहे, सदाव्रत आहे. एक माणूस जास्त झाला तर कोणाचं अडत नाही. पण शूलपाणीच्या झाडीत, आपल्याच महाराष्ट्रात, धडगाव तालुक्यात एका पाड्यावर मला अंधार पडला. कुडाचं घर. बाईनं काही न विचारता मक्याची भाकरी थापली, उडदाची डाळ वाढली. मी जेवत असताना तिनं पोराच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ते उतारावरून पळत सुटलं. परत आलं ते हातात दोन पुड्या घेऊन. मग चहा झाला. कोरा, पण साखर सढळ. कप एकच होता, तो मला. मला इतकं भरून आलं की डायरीत दोन पानं लिहिली. लेखात त्यातलं एक पान आलंय, तुम्ही वाचलंच असेल.

सकाळी निघताना पोराच्या हातावर माझ्याकडच्या बेदाण्यांची पुडी ठेवली. उतार संपतो तिथे दुकान लागलं. दुकानदारानं हाक मारली, “नर्मदे हर! काल तुमच्यासाठीच चहा नेला ना पोरानं?” समोर वही उघडी होती, त्याच्या बाजूनं वाचायची, म्हणजे मला उलटी. पण काउंटरपलीकडून सरकवलेल्या स्लिपा उलट्या वाचण्यात माझी ३१ वर्षं गेली आहेत. शेवटची ओळ होती : साखर १०, चहा ५. वरती त्याच नावापुढे आणखी बऱ्याच ओळी होत्या, एकही खोडलेली नव्हती.

पंधरा रुपये. आमच्या गल्लीतली वही पाहून मी जे काय काय म्हणालो होतो ते सगळं तिथे उभ्या उभ्या आठवलं. माझ्याकडे द्यायला खरोखरच काही नव्हतं. नियम मीच घालून घेतला होता. ‘नर्मदे हर’ म्हटलं आणि चालायला लागलो. नावेचं भाडं मी घरी आल्यावर लगेच फेडलं, कारण निफाडकरांचा नंबर माझ्याकडे होता. हिचं नाव मी वहीत वाचलं होतं. विसरलोही नाही. तरी काही केलं नाही.

तेव्हा ‘दुसऱ्याच्या पैशावर’ हे तुमचं म्हणणं असू द्या. ‘फुकट्या’ मात्र मी मागे घ्यायला सांगतो आहे, आजोबांसाठी.

विमलेश्वरचा तट लेखात सुधारला आहे. नावेच्या भाड्याची ओळ टाकली आहे. पाड्याबद्दलचा परिच्छेद तूर्त काढला आहे. नीट लिहून शनिवारच्या भागात टाकीन. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही.